वापसा

ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली
ते पुस्तक सापडलं. पुठ्ठा नाही, पहिली अकरा पानं नाहीत,
वाळवीनं एका देवदूताचा पाय खाल्लेला.
कुण्या साहेबानं बदलीच्या वेळी
रद्दीसोबत दिलं असावं. रजिस्टरात नोंद आहे :
‘चित्रे. परदेशी. एक नग.’

इटलीतल्या देवळांच्या भिंती आहेत त्यात.
अक्षरं लागतात, शब्द कळत नाहीत.
मी ते टेबलावर उघडंच ठेवलं.

बचत गटाच्या बाया हप्ता भरायला आल्या आणि थांबल्या.
सुंद्राबाई त्या निळ्या लुगड्यातल्या माउलीकडे पाहत म्हणाली,
‘थकली हाय वं बाई. लेकरू घेऊन घेऊन
हात भरून आला तिचा.’
मग पान डोळ्याजवळ धरून,
‘अन् लेकराले टोपडं काहून नाई?
मांगच्या झाडाले पान नाई एक. हिवाचे दिवस दिसते.’
कुणी हसलं नाही. प्रश्न रास्त होता.
पानाच्या कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा ठसा राहिला.
मी पुसला नाही.

झिबल तिमांडे आला नातवाच्या जन्मदाखल्यासाठी.
गवंडी. साठी उलटलेला. लहानपणी बापासोबत
चुन्याच्या घाणीमागे बैल हाकत फिरलेला.
माउली, लेकरू, देवदूत, त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही.
तो नुसती भिंत बघत होता.

‘इथं सांधा हाय.’
‘कुठं?’
‘हे काय. या बुवाच्या मानेखालून आला,
खांद्यावरून वळला, असा खाली गेला.
इथलोक एका दिवसाचं काम. उरलेलं दुसऱ्या रोजचं.’
मी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.
केसाएवढी रेघ होती. खरंच होती.

‘ओल्या चुन्यावर रंग देल्ला हाय यानं.
संध्याकाळलोक जेवढं रंगवता येईन
तेवढाच गिलावा सकाळी करायचा.
वाळली का भित रंग घेत नाई, पोपडा धरते.
लय ओली असन तं फिसकटते.
भितीलेही वापसा असते ना, सर.’

रात्री गच्चीवर मोबाईलला रेंज धरून मी शोधलं.
अशा चित्राला तिकडे म्हणतात फ्रेस्को, म्हणजे ताजं.
आणि दिवसभरात होईल तेवढ्या तुकड्याला जोर्नाता.
सकाळी झिबलला सांगितलं, जरा मास्तरी थाटातच.
तो तंबाखू मळत म्हणाला, ‘मंग? रोजीच झाली ते.’
पुन्हा पान उलटून त्यानं हिशोब केला :
आभाळाचा एवढा पट्टा एका दिवसात,
आणि त्या म्हाताऱ्याच्या एकट्या तोंडाला अख्खा दिवस.
‘बरोबर हाय. तोंडाले येळ लागते.’

परवा तो घमेल्यात विरवलेला चुना घेऊन आला.
अंगणवाडीच्या कामावर सुट्टी होती, ठेकेदाराचं सिमेंट संपलेलं.
वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीजवळ,
परातीएवढी जागा त्यानं खरवडली, भिजवली, लिंपली.
मग बसलो आम्ही.
उन्हं टाकीवरून उतरली. एक बकरी येऊन वास घेऊन गेली.
मधूनमधून तो उठायचा, बोटाची पालथी बाजू
भिंतीला लावायची, ताप बघतात तशी,
आणि परत बसायचा.
मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

एकदम म्हणाला, ‘आता. सुंद्राबाई, हो पुढं.’
करवंटीत कालवलेला गेरू होता.
तिनं पदर खोचला, एक बोट बुडवलं
आणि घाईनं, पण हात न कापता
एक टोपडं काढलं. कानांवरून येणारं, हनुवटीखाली बंद.
आत लेकरू नाही.

भिंतीनं ते घेतलं.
आम्ही पाहिलं, कसं हळूहळू फिकं होत आत गेलं ते.

रजिस्टर उघडून बसलोय तेव्हापासून.
‘टोपडे’ लिहिलं आहे.
पुढचा रकाना ‘कोणाकडून प्राप्त’ असा आहे.